हिमाचे क्षेत्र आणि हिमाची शुभ्रता : मोसमी पावसाच्या भाकिताच्या इतिहासातील एक उपेक्षित मापन

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरी येथे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे सिन्नर, येवल्यापर्यंत येताना हे प्रमाण पाच-सहाशे मिलिमीटरवर येऊन ठेपते. पर्जन्यछायेतील या तालुक्यांत हिमाचा आणि शेतीचा संबंध तसा येत नाही. कडाक्याच्या थंडीत निफाड परिसरात द्राक्षवेलींवरील दव क्वचित गोठते, तेवढाच काय तो अपवाद. तथापि, या प्रदेशाला येत्या हंगामात पाऊस किती मिळेल हे आधी सांगण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न सुरू झाला तो हिमापासूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिमालयावरील हिम आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरेशिया खंडावरील हिम हे भारतीय मोसमी पावसाच्या अंदाजातील महत्त्वाचे निर्देशक मानले गेले. हिम सूर्यप्रकाश परावर्तित करते, त्यामुळे जमीन तापत नाही आणि परिणामी मोसमी वारे दुर्बल होतात, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले.

या स्पष्टीकरणाचा सारा भार हिमाच्या परावर्तनावर आहे. परंतु अंदाजकर्त्यांनी मोजले ते हिमाची खोली किंवा हिमाने व्यापलेले क्षेत्र. ते हिम प्रत्यक्षात किती प्रकाश परतवते, विशेषतः जेव्हा ते अरण्याखाली पडलेले असते तेव्हा, हे मोजण्याचे काम वेगळ्या अभ्यासकांनी, वेगळ्या कारणासाठी आणि पुष्कळ उशिरा केले. या दोन मापनांचा प्रवास आणि त्यांची उशिरा झालेली गाठ यांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ब्लॅनफर्ड आणि हिमालयातील हिम

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना त्याच्या एकच वर्ष आधी, १८७५ मध्ये झाली होती आणि विभागाची सूत्रे हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड यांच्याकडे होती. ब्लॅनफर्ड मूळचे भूवैज्ञानिक. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अध्यापक झाले व तेथून हवामानशास्त्राकडे वळले. दुष्काळाची पूर्वसूचना देता येईल काय, हा प्रश्न शासनासमोर निकडीचा झाला असताना त्यांनी पंजाब व वायव्य हिमालयातील हिमवृष्टीच्या नोंदी तपासल्या. हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंतात हिमालयावर हिम अधिक पडले, की पुढे उत्तर व पश्चिम भारतावर कोरडे वायव्य वारे प्रबळ होतात आणि पावसाळा लांबतो वा क्षीण होतो, असे त्यांना आढळले. १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांचा यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध झाला. १८८२ ते १८८५ या काळात त्यांनी प्रायोगिक अंदाज दिले आणि ४ जून १८८६ रोजी संपूर्ण भारत व ब्रह्मदेशासाठी पहिला नियमित हंगामी अंदाज प्रसृत झाला.

ब्लॅनफर्ड यांच्या हाती असलेली सामग्री कशी होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. डोंगरी ठाण्यांवरील अधिकाऱ्यांकडून येणारी पत्रे, खिंडी कधी बंद झाल्या व कधी खुल्या झाल्या याच्या वार्ता, हिम कोणत्या उंचीपर्यंत उतरले याचे अदमास, अशा स्वरूपाची ही सामग्री होती. हिमाच्छादित पृष्ठभागाने परतवलेला प्रकाश मोजण्याची सोय त्या काळी नव्हती आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. हिमावरील हवा थंड व कोरडी राहते, एवढ्यावर त्यांचे विवेचन थांबते. पुढील काळातील अनेक लेखनांपेक्षा ते या बाबतीत अधिक संयत आहे, असे म्हणावे लागते.

त्यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी अंदाजाची सामग्री वाढवली. पण १८९९ मध्ये सरासरीहून अधिक पावसाचे भाकीत केले असताना प्रत्यक्षात भीषण अवर्षण पडले. विक्रम संवत १९५६ वरून हा दुष्काळ पश्चिम भारतात ‘छप्पन्निया’ म्हणून ओळखला जातो. १९०४ मध्ये विभागाची सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर हे गणिती होते. कार्यकारणाची चर्चा बाजूस सारून सहसंबंधाच्या गणिताने निर्देशक निवडावेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या आरंभीच्या समीकरणात मे-अखेरचे हिमालयातील हिम, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस असे चार घटक होते. हिमाला स्थान मिळाले ते त्याच्या गुणधर्मामुळे नव्हे, तर आकडेवारीत तो टिकला म्हणून. पुढील दशकांत आकडेवारीतच हा संबंध क्षीण होत गेला आणि हिमाचा निर्देशक मागे पडला.

पुण्यातील पांढरी भुकटी

१९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरमधील त्या वास्तूला व चौकाला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते या स्थलांतरामुळेच. १९३२ मध्ये तेथे कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली आणि एल. ए. रामदास तिचे प्रमुख झाले. कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली प्रकाशाच्या विकिरणावर काम केलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या शेतजमिनीला प्रयोगशाळेचे रूप दिले.

जमिनीचा रंग आणि तिचे तापमान यांचा संबंध हा त्यांचा एक विषय होता. रामदास आणि आर. के. द्रविड यांचा या विषयावरील निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या काळ्या जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला आणि शेजारच्या उघड्या जमिनीशी त्याच्या तापमानाची तुलना केली. अंगावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा फार मोठा भाग शोषणारी काळी माती त्या पातळ थराखाली लक्षणीय थंड राहिली. बर्फ न पडणाऱ्या प्रदेशात हा एका अर्थी हिमाचाच प्रयोग होता. त्यात वितळणे नव्हते, ओलावा नव्हता. होता तो केवळ पांढरा रंग. शुभ्रतेचा परिणाम अन्य परिणामांपासून वेगळा काढण्याची ही सोपी युक्ती जर्मन सूक्ष्म-हवामानशास्त्रज्ञ रुडॉल्फ गायगर यांच्या ग्रंथातून जगभर पोहोचली. मोसमी पावसाच्या अंदाजाचे काम करणाऱ्या शाखेने मात्र तिच्याकडे हिमाच्या संदर्भात पाहिल्याचे दिसत नाही.

येथे संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. पृष्ठभागावर पडणाऱ्या एकूण सौर प्रारणापैकी जो अंश परत फेकला जातो त्याला अल्बेडो म्हणतात. ‘शुभ्रता’ या अर्थाचा हा लॅटिन शब्द योहान हाइनरिश लॅम्बर्ट यांनी १७६० च्या आपल्या प्रकाशमापनविषयक ग्रंथात योजला. ताज्या हिमाचा अल्बेडो ०.८ ते ०.९ असतो, जुन्या, ओल्या, कण मोठे झालेल्या हिमाचा ०.५ किंवा त्याहूनही कमी. ओल्या काळ्या जमिनीचा ०.१ च्या आसपास. प्रत्यक्ष मापनाची रीत साधी आहे. सौर प्रारण मोजणारे पायरॅनोमीटर हे उपकरण एक आकाशाकडे व दुसरे जमिनीकडे तोंड करून बसवायचे आणि दोन्ही वाचनांचे गुणोत्तर घ्यायचे. स्वीडनचे अँडर्स आँगस्ट्रोम यांनी विविध भूपृष्ठांचे अल्बेडो १९२५ मध्येच प्रसिद्ध केले होते. भारतात १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात प्रारणमापनाचे जाळे उभारले गेले. या कामात पुण्याच्या हवामान विभागातील अण्णा मणी यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे मापनाचे ज्ञान आणि उपकरणे पुण्यात होती. नव्हते ते हिम.

उपग्रहाचे चौकोन

अमेरिकेच्या हवामान उपग्रहांच्या छायाचित्रांवरून उत्तर गोलार्धातील हिमाचे साप्ताहिक नकाशे १९६६ पासून तयार होऊ लागले. संगणकासाठी त्यांचे रूपांतर करताना गोलार्धावर चौकोनांची जाळी टाकली गेली आणि प्रत्येक चौकोनास ‘हिम आहे’ किंवा ‘हिम नाही’ असे दोहोंपैकी एक मूल्य देण्यात आले. याच नकाशांच्या आधारे डग्लस हान आणि जगदीश शुक्ल यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की हिवाळ्यात युरेशियावर हिमाचे क्षेत्र अधिक असेल तर पुढील उन्हाळ्यात भारतातील पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. जेमतेम नऊ वर्षांची सामग्री असल्याने त्यांनी शीर्षकातच हा संबंध ‘वरकरणी दिसणारा’ असल्याचे म्हटले होते. शिवाय त्यांनी ५२ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेकडील हिमच विचारात घेतले होते. हा मुख्यतः गवताळ मैदाने, वाळवंटे आणि तिबेटसारखी पठारे यांचा उघडा प्रदेश. तेथील हिम खरोखरच लख्ख असते. पुढे हा संबंध उद्धृत होत गेला, तेव्हा यातील दोन्ही मर्यादा गळून पडल्या.

ब्लॅनफर्ड यांचे हिम अशा रीतीने पुन्हा भाकितात परतले. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले सोळा घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात आले. त्यात हिमालयातील हिमाच्छादन आणि युरेशियातील हिमाच्छादन हे दोन स्वतंत्र घटक होते. १९८९ ते २००१ अशी सलग तेरा वर्षे देशपातळीवरील पाऊस सर्वसाधारण राहिला आणि प्रतिमानाची प्रतिष्ठा वाढली. वृत्तपत्रांतून ‘गोवारीकर मॉडेल’ हे शब्द महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्याही परिचयाचे झाले. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज देण्यात आला. प्रत्यक्षात ८१ टक्के पडला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये तर देशात सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला.

या अपयशाचे खापर एकट्या हिमाच्या घटकावर फोडणे अन्यायाचे होईल. सोळांपैकी अनेक घटकांचे सहसंबंध तोवर क्षीण झाले होते. परंतु घटक निवडताना त्यामागील भौतिक प्रक्रिया कितपत तपासली गेली होती, हा प्रश्न हिमाच्या बाबतीत अधिक बोचरा ठरतो. कारण ती तपासणी अन्यत्र झालेली होती.

अरण्याखालील हिम

उत्तर गोलार्धात स्कँडिनेव्हियापासून सैबेरियापर्यंत आणि पलीकडे अलास्का व कॅनडात सूचिपर्णी वृक्षांचा रुंद पट्टा पसरला आहे. स्प्रूस, फर, पाइन, लार्च यांच्या या अरण्याला तैगा म्हणतात. हिवाळ्यात येथील जमीन कित्येक महिने हिमाखाली असते. परंतु स्प्रूस वा पाइनचा गर्द पर्णसंभार त्या हिमाच्या वर असतो. फांद्यांवर साचलेले हिम वाऱ्याने व उन्हाने लवकर गळून पडते. सूर्य क्षितिजालगत असताना तिरपे किरण झाडोऱ्यातच अडकतात. जमिनीवरील हिमापर्यंत ते पोहोचतच नाहीत. वरून पाहणाऱ्याला अशा अरण्याचा रंग पांढरा नव्हे, तर काळपट दिसतो. उपग्रहाच्या चौकोनात मात्र त्याची नोंद ‘हिम आहे’ अशीच होते.

याचे पद्धतशीर मापन अमेरिकेत १९६० च्या दशकात सुरू झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अर्नेस्ट कुंग, रीड ब्रायसन आणि डोनाल्ड लेन्शो यांनी विमानावर वर व खाली तोंड केलेली प्रारणमापके बसवून उत्तर अमेरिकेवर उड्डाणे केली आणि १९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. (राजस्थानच्या वाळवंटाच्या उत्पत्तीविषयी पुढे मांडणी करणारे ब्रायसन ते हेच.) हिवाळ्यात शेतजमिनी उजळतात, अरण्ये फारशी उजळत नाहीत, हे या उड्डाणांतून दिसले. १९८५ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन आणि जॉर्ज कुक्ला यांनी उपग्रहचित्रांतील उजळपणा मोजून हिमाच्छादित भूपृष्ठांच्या कमाल अल्बेडोचा नकाशा तयार केला. उघड्या टुंड्रा प्रदेशात हे मूल्य ०.८ च्या आसपास, तर दाट अरण्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास वा त्याहूनही कमी होते.

कॅनडातील तैगा अरण्यात १९९४ ते १९९६ या काळात ‘बोरिअस’ हा मोठा क्षेत्रीय प्रयोग झाला. वृक्षशेंड्यांच्या वर मनोरे उभारून त्यांवर प्रारणमापके बसवण्यात आली. ॲलन बेट्स आणि जॉन बॉल यांनी १९९७ मध्ये मांडलेले आकडे बोलके आहेत. जमिनीवर हिम असताना गवताळ भागाचा अल्बेडो सुमारे ०.७५, पानगळ झालेल्या ॲस्पेनच्या राईचा सुमारे ०.२ आणि सूचिपर्णी अरण्याचा सुमारे ०.१३ भरला. हा शेवटचा आकडा दख्खनमधील काळ्या जमिनीच्या आकड्यापासून फारसा दूर नाही.

या मापनाचा परिणाम तात्काळ झाला, पण तो इंग्लंडमधील रीडिंग येथे. तेथील युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या संगणकीय प्रतिमानात हिमाच्छादित अरण्याचा अल्बेडो उघड्या हिमाइतकाच, म्हणजे ०.८ पर्यंत, धरला जात होता. परिणामी वसंत ऋतूत, जेव्हा सूर्य वर आलेला असतो पण हिम अजून टिकून असते, तेव्हा उत्तर अमेरिका व आशियाच्या अरण्यप्रदेशांचे तापमान अंदाजात प्रत्यक्षाहून पुष्कळ कमी येत असे. १९९६ च्या अखेरीस हे मूल्य ०.२ वर आणले गेले आणि ती चूक मोठ्या प्रमाणात दूर झाली. रॉबिन्सन व कुक्ला यांचा नकाशा त्याआधी अकरा वर्षे उपलब्ध होता. एका विद्याशाखेतील मापन दुसरीच्या गणितात शिरण्यास किती अवधी लागतो, याचे हे उदाहरण बहुविद्याशाखीय संशोधनाची भाषा करणाऱ्यांनी ध्यानी घेण्याजोगे आहे.

पुण्यातील पुनर्विचार

परावर्तनाचा दुवा सैल झाल्यावर हिम आणि पाऊस यांच्या संबंधाचे काय उरते? टिम बार्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये संगणकीय प्रयोगांतून दाखवले होते, की युरेशियावरील हिमाचे केवळ क्षेत्र बदलून, म्हणजे केवळ शुभ्रता वाढवून, मोसमी वाऱ्यांवर फारसा परिणाम होत नाही. हिमाचे वस्तुमान वाढवले तर मात्र होतो. शून्य अंशावरील एक किलोग्रॅम बर्फ वितळवण्यास ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तितकेच पाणी शून्यापासून सुमारे ८० अंशांपर्यंत तापवता येईल. जाड थर वितळण्यात आणि त्यानंतर ओली जमीन सुकण्यात वसंतातील सूर्याची उष्णता खर्ची पडते व भूखंड तापण्यास विलंब होतो. ही प्रक्रिया अरण्याखालीही चालते. तिला हिम लख्ख असण्याची गरज नाही.

तेव्हा मोजायचे ते क्षेत्र की खोली, हा प्रश्न पुढे आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील आर. एच. कृपलानी आणि अश्विनी कुलकर्णी यांनी त्याला हात घातला. सोव्हिएत संघातील हवामान केंद्रांवर १८८१ पासून ठेवलेल्या हिमाच्या खोलीच्या दैनंदिन नोंदी तोवर अभ्यासकांना खुल्या झाल्या होत्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, मॉस्कोच्या सभोवतालच्या पश्चिम युरेशियात हिवाळ्यात हिमाची खोली अधिक असेल तर पुढील मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. मध्य सैबेरियात ती अधिक असेल तर उलट पाऊस चांगला पडण्याकडे. एकाच खंडावरील हिमाचे दोन परस्परविरोधी संकेत! अशा वेळी साऱ्या युरेशियाचे हिमक्षेत्र एका आकड्यात बसवले, की दोन्ही संकेत परस्परांना छेद देतात. त्याच वर्षी अंजुली बामझाई आणि शुक्ल यांनीही केवळ पश्चिम युरेशियातील हिमाचाच संबंध सार्थ ठरतो आणि हिमालयातील हिमाचा ठरत नाही, असे नोंदवले. ब्लॅनफर्ड यांच्या मूळ गृहीतकाला दिलेले हे शतकानंतरचे उत्तर होय.

२००२ नंतर एम. राजीवन व सहकाऱ्यांनी पुण्यात आठ व दहा घटकांची नवी प्रतिमाने रचली. त्यांत डिसेंबरमधील युरेशियाचे हिमाच्छादन कायम राहिले, हिमालयातील गळाले. २००७ मध्ये स्वीकारलेल्या पुढच्या पद्धतीत हिमाचा एकही घटक उरला नाही.

हिमालयातील प्रकाशमापन

गंमत अशी, की पावसाच्या भाकितातून हिमालयातील हिम वगळले जात असतानाच त्याच्या परावर्तनाचे काटेकोर मापन भारतात प्रथमच पद्धतशीरपणे होऊ लागले होते. त्याचा हेतू मात्र निराळा होता : बर्फ वितळून नद्यांना मिळणाऱ्या पाण्याचा अदमास घेणे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील अनिल कुलकर्णी व सहकाऱ्यांनी वर्णपटमापक घेऊन प्रत्यक्ष हिमावर वाचने घेतली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली. हिम हिरव्या प्रकाशात अतिशय उजळ असते, तर लघुतरंग अवरक्त किरणांत जवळजवळ काळे; ढग दोहोंतही उजळ असतात. या दोन पट्ट्यांतील परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की हिमाचा निर्देशांक मिळतो. डोंगराच्या सावलीत दोन्ही वाचने जवळपास एकाच प्रमाणात घटतात, त्यामुळे भागाकार फारसा बदलत नाही आणि सावलीतील हिमही ओळखता येते. ऑक्टोबर २००३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या रिसोर्ससॅट-१ उपग्रहाच्या चित्रांसाठी हीच रीत वापरून हिमालयाचे हिमनकाशे तयार करण्यात आले. पुढे २०१० मध्ये एस. के. सिंग, कुलकर्णी आणि बी. एस. चौधरी यांनी हिमात मिसळलेली माती दृश्य प्रकाशातील परावर्तन कसे घटवते आणि हिमकण मोठे झाल्याने निकट-अवरक्त पट्ट्यात घट कशी होते, याची मापने मांडली. धुळीने मळलेले हिम अधिक ऊन शोषते व लवकर वितळते, ही त्याची व्यावहारिक बाजू.

देवदार व स्प्रूसखालील हिमाचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. अरण्यात दोन्ही पट्ट्यांतील वाचन झाडांच्या पानांचे असते, हिमाचे नव्हे. अमेरिकी अभ्यासकांनी १९९८ मध्ये वनस्पतींचा निर्देशांक सोबत घेऊन अरण्यातील हिम ओळखण्याची मर्यादा बदलण्याची पद्धत सुचवली. तिने हिम आहे की नाही हे अधिक नेमके कळते. ते किती प्रकाश परतवते, याचे उत्तर मनोऱ्यावरील प्रारणमापकाकडेच शोधावे लागते.

एप्रिल २०२४ मध्ये हवामान विभागाने दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला, तेव्हा निवेदनात जानेवारी ते मार्च या काळात उत्तर गोलार्ध व युरेशियातील हिमाच्छादन सरासरीहून कमी असल्याचा आणि हिमाच्छादनाचा मोसमी पावसाशी सामान्यतः व्यस्त संबंध असल्याचा उल्लेख होता. त्या हंगामात सुमारे १०८ टक्के पाऊस झाला. निवेदनातील तो उल्लेख हिमाच्या क्षेत्राचा होता.